दोन घोटांची ओळ: तालुका वार्ताहर ते कादंबरीकार, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्या माणसाची ही हकिकत आहे, त्याला आज लोक कादंबरीकार म्हणून ओळखतात. त्याआधी १९९८ ते २०११ अशी तेरा वर्षं तो यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका दैनिकाचा वार्ताहर होता. त्यातली जवळपास सहा वर्षं रविवारच्या पुरवणीत वऱ्हाडी बोलीतलं सदरही लिहायचा. मी त्याच दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. त्याचा सगळा मजकूर माझ्या टेबलावरून जायचा. दैनिकाचं, सदराचं आणि गावांची नावं इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहायला बसण्याआधी त्याला विचारलं, आणि ज्या घराशी हे प्रकरण जोडलेलं आहे त्या घरातल्या बाईंनाही विचारलं. दोघांनीही लिहा म्हटलं, म्हणून लिहितो आहे.

तालुका वार्ताहराचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं, ते आधी सांगायला हवं. पहाटे जीपमधून अंकांचा गठ्ठा स्टँडवर पडायचा. तो सोडून पोरांच्या सायकलींवर वाटून द्यायचा, कारण एजन्सीही त्याच्याच नावावर. दिवसभर तहसील, पंचायत समिती, ठाणं, बाजार समिती. सुरुवातीच्या वर्षांत बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, पुढे फॅक्स आला, मग सायबर कॅफे. मानधन इतकंच, की महिन्याच्या पेट्रोललाही पुरायचं नाही. घर चालायचं ते सहा एकर कोरडवाहूवर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, प्रत्येकाला टार्गेट. ज्याच्याविरुद्ध सोमवारी बातमी लिहायची, त्याच्याच दुकानात शुक्रवारी जाहिरात मागायला जायचं. हे सगळ्या तालुक्यांत चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. या प्रकरणाचं अर्धं मूळ तिथे आहे.

त्याचा हात चांगला होता. कापूस एकाधिकार खरेदीच्या शेवटच्या वर्षांत महासंघाच्या केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. त्यावर त्यानं लिहिलेल्या साध्या सिंगल कॉलम बातमीतसुद्धा गाडीखाली झोपलेल्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू यायचा. २००१ च्या संक्रांतीला सदर सुरू झालं ते यामुळेच. आठवड्याला सहाशे शब्द, एक माणूस, एक प्रसंग. परतवाड्यात जन्मलेले अरुण साधू पत्रकारितेतून कादंबरीकडे गेले होते, हे त्याला ठाऊक होतं आणि तो ते वारंवार बोलूनही दाखवायचा. पण साधूंची पत्रकारिता मुंबईची. तिथे ज्याच्यावर लिहिलं तो माणूस दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर भेटत नाही. आमच्याकडे भेटतो.

२००६ हे वर्ष यवतमाळकरांना सांगायला नको. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याच्या कुटुंबानं जीवन संपवलं, तेव्हा वार्ताहर शाळेत होता. वीस वर्षांनी शेतकऱ्यांच्या अशा मरणांची नोंद ठेवणं हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग झाला होता. १ जुलै २००६ ला पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि त्यानंतर दिल्ली-मुंबईच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. पाहुण्या पत्रकारांना घरं दाखवायचं काम तालुका वार्ताहराकडे. एकाच घरात तो चार-चारदा गेला असेल.

समस्या

पोळ्याच्या सणाला विदर्भात झडत्या म्हणायची रीत आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, एकेक जण पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी म्हणतो, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' आलं की सारा गाव 'हर हर महादेव' म्हणतो. त्या वर्षीच्या पोळ्याला वार्ताहर एका खेड्यात होता. तिथल्या एका शेतकऱ्यानं म्हटलेल्या दोन झडत्या त्यानं डायरीत उतरवून घेतल्या. एक पावसावरची, हलकीफुलकी. दुसरी अशी:

खातं रे खातं, उधारीचं खातं,
सवाईनं बी आलं, दिढीनं जातं,
कापूस माह्या घरचा, भाव कोनाच्या हाती,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

तीन आठवड्यांनी त्या शेतकऱ्यानं जीवन संपवलं. वय पस्तिशीच्या आत. मागे बायको, चार वर्षांचा मुलगा, म्हातारे आई-वडील. बातमी नेहमीप्रमाणे तीन कॉलमी गेली आणि ती बिनचूक होती. त्याच्या पुढच्या रविवारी सदर आलं.

सदर सुंदर होतं. पोळ्याच्या तोरणाखाली उभा असलेला तो तरुण, त्याच्या बैलाच्या शिंगाला लावलेला हिंगूळ, पावसावरची झडती, आणि शेवटी रिकामा गोठा. नाव दिलं नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला कळणार होतं. त्यात ही ओळ होती:

'दोन घोट पोटात गेल्याबिगर त्याच्या जिभेवर झडती येत नोयती, अन् आली का साऱ्या गावचे बैल कान टवकारून उभे राहत.'

ही ओळ त्या माणसाची नव्हती. वार्ताहराच्या स्वतःच्या गावात एक म्हातारा झडतीकार होता, काही वर्षांपूर्वी वारला. घोटाशिवाय ज्याचं तोंड उघडत नसे, तो हा म्हातारा. लिहिताना दोन माणसं एकात मिसळली. 'मिसळली' म्हणणं बरोबर नाही, त्यानं मिसळली. सदरातला माणूस त्याला जास्त गोड, जास्त मोकळा करायचा होता, मरणाच्या बातमीत उरतो त्याहून जास्त जिवंत. हेतू प्रेमाचा होता, यात मला आजही शंका नाही.

मला ती ओळ इतकी आवडली, की मी ती उचलून मजकुराच्या मधोमध चौकटीत ठळक टाइपात लावली. हे मीच केलं. पानावर नजर टाकणाऱ्याला सदर वाचायच्या आधी ती चौकट दिसायची.

महिनाभरानं वार्ताहर पात्र-अपात्र प्रकरणांची यादी घ्यायला तहसीलमध्ये गेला. तेव्हाच्या नियमांप्रमाणे शेतीसाठी बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, ते थकलेलं असणं आणि वसुलीचा तगादा या गोष्टी सिद्ध झाल्या तर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळायची, ३० हजार रोख आणि ७० हजारांची ठेव. तालुक्यातून अहवाल जायचा, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घ्यायची. अहवालात कारणाचा रकाना असे. या शेतकऱ्याच्या कागदावर त्या रकान्यात दोन गोष्टी होत्या: मान्यताप्राप्त संस्थेचं कर्ज नाही, आणि व्यसनाधीनता. मागे टाचणीनं वर्तमानपत्राचं एक कात्रण लावलेलं होतं. चौकट लाल शाईनं अधोरेखित.

कारकून ओळखीचा होता. त्यानं फाइल उलटी करून दाखवली, 'भाऊ, हे तं तुमचंच हाय.'

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी तो एसटीनं यवतमाळला आला. कार्यालयात आवृत्तीप्रमुख, मी आणि तो, असे तिघंच बसलो. जे बोलणं झालं ते मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं, कारण त्यातला एकही युक्तिवाद बिनडोक नव्हता.

आवृत्तीप्रमुखांचं म्हणणं असं: सदर हे ललित आहे. ललिताचा खुलासा छापायचा पायंडा पडला, तर उद्या प्रत्येक व्यक्तिचित्राला कुणी ना कुणी हरकत घेईल. शिवाय चौकशी अधिकाऱ्यानं स्वतः चौकशी करायची असते. कात्रण लावून मोकळं होणं ही त्याची चूक, आपली नाही.

वार्ताहर म्हणाला, 'सर, ललित असंन तं तहसीलमंदी त्याचं कात्रण कायले लागलं?'

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. शहरात पुरवणीतलं सदर आणि पहिल्या पानावरची बातमी यांत वाचक फरक करत असेल. खेड्यात छापलं म्हणजे झालं. तोच कागद, तेच दैनिकाचं नाव, खाली त्याच माणसाचं नाव, जो कालच पंचनाम्याच्या वेळी दारात डायरी घेऊन उभा होता. वार्ताहर म्हणून त्यानं आठ वर्षांत जो विश्वास मिळवला, त्याच विश्वासावर सदरातली ती ओळ साक्ष म्हणून चालली. त्याच्या आतला कादंबरीकार तोपर्यंत जागा झाला होता. मात्र लिहीत होता तो बातमीच्या कागदावर.

गप्प राहता आलं असतं. बरेच जण तेच करतात, आणि ओळ जुनी होऊन जाते. गुपचूप काही पैसे नेऊन द्यावेत, असा विचार त्यानं त्या रात्री केला होता. खिशात पाकीट तयारही होतं. तिसरा मार्ग खुलाशाचा. चौथा, तहसीलदारांना लेखी निवेदन देऊन सदरातलं वर्णन त्या शेतकऱ्याचं नसल्याचं सांगायचं. त्यात धोका त्याचा एकट्याचा होता. एकदा 'मी दोन माणसं एक केली' असं सरकारी कागदावर लिहून दिलं, की त्याच्या पुढच्या प्रत्येक बातमीवर कुणीही तो कागद फडकावू शकत होतं.

पाचव्या पर्यायाचा उच्चार सगळ्यात उशिरा झाला, आणि तोही दबक्या आवाजात. दुसरी झडती छापणं. ती त्यानं सदरात का घेतली नव्हती?

तालुक्याच्या गावातल्या ज्या कृषी केंद्रातून त्या शेतकऱ्यानं बियाणं, खत, औषध उधारीवर उचललं होतं, त्याचा मालक सावकारीही करायचा, विनापरवाना. पेरणीच्या वेळी सवाईनं, हंगाम लांबला की दिढीनं. म्हणजे शंभराचे सव्वाशे, नाहीतर दीडशे. गावाला माहीत होतं. वार्ताहराला माहीत होतं. बातमीत त्यानं 'खासगी कर्ज' एवढेच दोन शब्द लिहिले होते. आणि त्या मालकाची दिवाळी पुरवणीतली अर्ध्या पानाची जाहिरात पक्की झालेली होती. झडतीतलं 'उधारीचं खातं' वाचून त्याला राग आला असता. 'तसं मी ठरवून नाही गाळलं,' वार्ताहर म्हणाला, 'पन लिवताना हात आपोआप तिकडून वळला.'

मी हे ऐकलं आणि मान खाली घातली. त्या जाहिरातीचं टार्गेट जिल्हा कार्यालयातूनच गेलं होतं.

काय केलं

निर्णय त्याच रात्री झाला नाही. दिवाळी मधे आली. पुरवणी निघाली, अर्ध्या पानाची जाहिरात छापली गेली. दहा-बारा दिवस असेच गेले, आणि त्या दिवसांचा हिशेब त्याच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही. दिवाळीनंतर तो त्या घरी गेला. आधी कार्यालयाशी बोलून मग घरी गेलो, हा क्रमच उलटा झाला, असं तो आजही म्हणतो.

वेचणीचे दिवस होते. बाई नुकत्याच दुसऱ्याच्या वावरातून आल्या होत्या. कमरेची ओटी सोडून त्यांनी ती कोपऱ्यात झटकली. ओटीच्या कापडाला कापसाचे दोन-चार तंतू आणि वाळक्या पात्यांचा चुरा चिकटलेला होता, आणि बोंडाच्या टोकांनी बोटांच्या पेरांवर बारीक काळे ओरखडे पडले होते. बोलताना त्या एकेक ओरखडा अंगठ्यानं चोळत होत्या, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्यानं सगळं सांगितलं. म्हातारा कोण होता, ओळ कशी आली, फाइल, कात्रण.

त्या म्हणाल्या, 'मले वाचता येते, भाऊ. पन त्या दिवशी दिरानं पेपर घरात येऊ देल्ला नाई. मंग बाजारात बाया माह्याकडं पाहून बोलू रायल्या तवा समजलं.'

त्यानं पाकीट पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही.

'हे नोका देऊ. तुमी कागदावर लिवलं, तं कागदावरच खोडा.'

पुढचं सगळं या एका वाक्यानं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तहसीलदारांकडे सही केलेलं निवेदन दिलं: अमुक तारखेच्या सदरात दोन भिन्न व्यक्तींची वैशिष्ट्यं एकत्र केली आहेत, मद्यपानाचा उल्लेख मृत शेतकऱ्याचा नाही, त्याच्या व्यसनाविषयी मला कोणतीही माहिती नाही, सबब कात्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये. म्हाताऱ्याचं नाव लिहावं का, यावर तो अडला. एका मेलेल्या माणसाच्या माथ्यावरचा डाग काढून दुसऱ्या मेलेल्या माणसाच्या माथी मारायचा? त्यानं नाव लिहिलं नाही, 'वीस किलोमीटरवरच्या गावातील एक दिवंगत व्यक्ती' एवढंच लिहिलं. तहसीलदारांनी ते चालवून घेतलं.

आवृत्तीप्रमुखांनी महिनाभर खुलासा अडवून धरला. मग तो आला, पण पाचव्या पानावर, सिंगल कॉलम, सहा ओळी, हवामानाच्या तक्त्याखाली. शब्द माझे होते: 'अनवधानाने'. अनवधान नव्हतं. मी तो शब्द घातला, कारण त्यावाचून खुलासा निघालाच नसता.

वार्ताहरानं सदर थांबवलं. कुणी सांगितलं नव्हतं. 'बातम्या देतो, बाकी नोको,' एवढंच त्यानं कळवलं. कृषी केंद्राच्या सावकारीची बातमी त्यानं तेव्हा दिली नाही. त्या मालकाविरुद्ध बोलायला दुसरा एकही कर्जदार तयार नव्हता, आणि बाईंचा दीर स्वतः तिथून पुढच्या हंगामाचं बियाणं आणत होता. कारण खरं आहे. पुरेसं आहे का, ते मला ठरवता आलेलं नाही.

परिणाम

फेरचौकशी झाली. जून २००७ मध्ये, म्हणजे पुढची पेरणी तोंडावर आली तेव्हा, उत्तर आलं. अहवालातून व्यसनाधीनतेचा शेरा काढला गेला. प्रकरण मात्र अपात्रच राहिलं, कारण कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं नव्हतं. एक रुपयाही मिळाला नाही. २००८ ची कर्जमाफी बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाची होती, तिचाही या घराला उपयोग झाला नाही. बाईंनी मजुरी करून, पुढे अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून मुलाला वाढवलं.

अपात्रचा निरोप सांगायला वार्ताहरच गेला. त्या म्हणाल्या, 'पैसे नाई भेटले तं नाई भेटले. मानूस बेवडा नोयता, हे कागदावर आलं ना?' त्यांनी त्या शेऱ्याची सत्यप्रत मागितली. त्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मिळवून दिली. आजही ती त्यांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

वार्ताहराला व्हायचा तो त्रास झाला. वर्षभर तहसीलमधले लोक विचारायचे, 'आजचं खरं, का ललित?' त्यावर तो वाद घालायचा नाही. डायरीत मात्र त्यानं एक पद्धत सुरू केली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पाहिलेलं, ऐकलेलं, कुणाच्या तोंडचं ते नावानिशी. उजवीकडे मनात आलेलं. बातमी फक्त डावीकडून. उजवीकडचं भरत गेलं, आणि २००९ च्या उन्हाळ्यात त्यातून कादंबरी सुरू झाली. २०११ मध्ये त्यानं वार्ताहरकी सोडली. २०१४ मध्ये कादंबरी आली.

कादंबरीबद्दल इथे थोडंच सांगतो, कारण ती ओळखू येईल. मध्यभागी शेतकरी नाही. कृषी केंद्रातला, उधारीची वही लिहिणारा एक पोरगा आहे. वार्ताहरकीत जे दोन शब्दांवर भागवलं होतं, त्याची तीनशे पानं झाली. झडती म्हणणारा, घोट घेणारा म्हाताराही आहे. आता त्याला कुणाचं मरण चिकटवलेलं नाही, तो आपल्या वयानं मरतो.

पत्रकारितेनं त्याला काय दिलं, हे त्याच्या प्रत्येक पानावर दिसतं. पंचनाम्याची भाषा, तलाठ्याच्या सहीसाठी लागणारे तीन हेलपाटे, शवविच्छेदनाबाहेर थांबलेल्या माणसांचं चहावरचं बोलणं. हे बसल्या जागी सुचत नाही. पण सदरानं त्याला एक खोडही लावली होती: शेवटची ओळ. सहाशे शब्दांत वाचकाच्या काळजाला हात घालायचा, तर शेवट टाळी घेणारा लागतो. कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात प्रत्येक प्रकरण असं टाळीवर संपत होतं. दुसऱ्या खर्ड्यात त्यानं प्रत्येक प्रकरणाची शेवटची ओळ, काही ठिकाणी शेवटचा परिच्छेद, खोडला. मला दाखवायला आणला तेव्हा हस्तलिखिताच्या पानोपानी तळाशी लाल रेघा होत्या. 'दोन घोटाची ओळ अशीच आली होती,' तो म्हणाला, 'गोड लागली म्हनून.'

छापायच्या आधी त्यानं बाईंच्या घरी जाऊन दोन दुपारी हस्तलिखित वाचून दाखवलं. त्यांच्या आयुष्यातलं फारसं काही त्यात नव्हतं, तरी वाचून दाखवलं. त्यांनी एकच बदल सुचवला. बैलाचं नाव. कादंबरीत त्यानं खबरदारी म्हणून ते बदललं होतं. त्या म्हणाल्या, मानसाचं बदला, बैलाचं तेच ठेवा. ते तेच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर हे प्रकरण मी कितीतरी वेळा मांडलं आहे. पहिला प्रश्न हमखास येतो: नाव नव्हतं ना दिलं? नाव न देणं ही खेड्यात ओळख लपवण्याची रीतच नव्हे. नुकताच गेलेला, झडती म्हणणारा तरुण, एवढ्यावर वीस गावं बोट ठेवतात. ओळख लपवायची तर काळ बदलावा लागतो, गाव बदलावं लागतं, आणि वाचकाला तसं सांगावंही लागतं. सदराच्या खाली 'यातील व्यक्तिचित्र एकाहून अधिक व्यक्तींवर आधारलेले आहे' अशी एक ओळ छापली असती, तर ते कात्रण फाइलला लागलं नसतं. त्या ओळीला मोजून अर्धा सेंटिमीटर जागा लागली असती.

दुसरं माझ्याकडे येतं. बातमी आली की मी फोन करून विचारायचो: वय बरोबर आहे का, एकर किती, कर्ज कुणाचं. सदराबद्दल एकदाही विचारलं नाही. शुद्धलेखन तपासायचो आणि चांगल्या ओळी चौकटीत लावायचो. 'हा दारू प्यायचा, हे तुला कुणी सांगितलं?' एवढा एक प्रश्न त्या शुक्रवारी रात्री विचारला असता, तर ओळ तिथेच गळाली असती. त्याला खोटं बोलता येत नाही.

मरणानंतर किती दिवसांनी व्यक्तिचित्र लिहावं, यावर आमचं एकमत आहे: चौकशी संपेपर्यंत नाही. सरकारी फाइल उघडी असेपर्यंत त्या घराबद्दल छापलेला प्रत्येक शब्द त्या फाइलीत जाऊ शकतो.

जाहिरातीचं काय, यावर मात्र मला सोपं उत्तर सापडलेलं नाही. श्रमिक पत्रकारांसाठीचा कायदा १९५५ मध्ये आला, वेतन आयोग आले, मजिठिया आयोगाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कायम ठेवल्या. तालुक्याच्या वार्ताहराच्या हातात मात्र अजूनही ओळखपत्र आणि जाहिरातीचं पुस्तक एकत्रच दिलं जातं. 'हात आपोआप वळला' हे त्याचं वाक्य मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. त्याच्या जागी मी असतो तर माझाही वळला असता. म्हणून निदान एवढं करावं: ज्या गावची बातमी, त्या गावची जाहिरात दुसऱ्यानं आणावी. आमच्या जिल्ह्यात पुढे दोन वर्षं हे करून पाहिलं. नंतर माणसं कमी झाली आणि बंद पडलं.

खुलाशाबद्दल आमचे आजही मतभेद आहेत. माझं म्हणणं, खुलाशात चुकीची ओळ पुन्हा छापू नये, ती आणखी चार घरी जाते. त्याचं म्हणणं, जिथे चौकट छापली तिथेच, तेवढ्याच टाइपात खुलासा यायला हवा होता, ओळ पुन्हा लिहून, आणि 'अनवधानाने' हा शब्द वगळून. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी बाईंनी केलं, तेव्हा आम्ही दोघं मांडवात मागे बसलो होतो. ज्यांच्यावर आयुष्यभर इतरांनी लिहिलं, त्यांच्यातलीच एक बाई माइकवरून स्वतः बोलत होती. बाहेर आल्यावर तो म्हणाला, खुलासा मुळात त्या शेतकऱ्याच्या घरच्या वहिनींच्याच तोंडून छापायला हवा होता. हा पर्याय २००६ मध्ये आमच्या तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता.

मागच्या वर्षी त्या वहिनींचा मुलगा माझ्याकडे आला होता. आता विशीत आहे, नोकरीच्या परीक्षा देतो. त्याला ते सदर हवं होतं. मी आधी खुलाशाचं पान काढून दिलं. तो म्हणाला, हे आईजवळ आहे, मला सदर पाहिजे. बाबांच्या पोळ्याच्या ओळी दुसरीकडे कुठेच छापलेल्या नाहीत. मी सप्टेंबर २००६ ची बांधीव फाइल काढून त्या पानाची झेरॉक्स केली, चौकटीसकट, कारण चौकट वगळून पान निघत नव्हतं. खुलासा त्याच्यामागे टाचला. आणि वार्ताहराला फोन लावला. त्यानं डायरी शोधून दुसरी झडती स्वतःच्या हातानं कागदावर उतरवली आणि संध्याकाळच्या एसटीनं, पूर्वी बातम्यांचं पाकीट यायचं तसं, ड्रायव्हरच्या हाती पाठवली. मुलगा ती घ्यायला स्टँडवर थांबला होता.